तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पंखात एवढं काय आहे?

लग्नात, तेराव्याला, परभणीच्या एसटीत, सगळीकडे तोच प्रश्न: "अजून चतुराचे पंखच चालू आहेत का?" पीएचडीचं सहावं वर्ष. हसणारच तुम्ही.

ऐका मग. त्या पंखाच्या शिरांवर बारीक घुमट असतात. पंख वाकला की घुमट दबतो, खालची नस जागी होते. सांध्यांत रेझिलिन असतं, रबरासारखं प्रथिन. 1960 साली ते टोळाच्या पंखाच्या बिजागरीत सापडलं. मी विहिरीकाठचे मेलेले चतुर गोळा करतो, पंखावर 10 ला 1 प्रमाणात कालवलेलं सिलिकॉन ओततो, भट्टीत घट्ट झालं की सोलतो. शिरांचा ठसा उतरतो. वर कार्बनचा थर. असे दोन तुकडे समोरासमोर ठेवून दाबले की जास्त ठिकाणी टेकतात, विजेचा रोध घटतो. झाला सेन्सर. वजनकाटा आहे की, म्हणता. काटा बुटात मावत नाही.

बुटातच बसवला होता. अण्णांच्या. शुगरनं त्यांचे तळवे बधिर. तीन आठवडे आलेख उतरत होता, अंगठ्याखालचा दाब कमी कमी. मी खूश, नवे बूट मानवले म्हणालो. आई फोनवर म्हणाली, मोज्याला वास येतोय. मागून अण्णा: "पोराचं यंत्र चांगलं म्हनतंय, दवाखाना कशाला?"

मी गप्प राहिलो.

रविवारी गेलो. मोजा तळव्याला चिकटलेला. आई पाणी मारत होती, मी सोडवत होतो. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, कडा पांढऱ्या. अण्णा पायाकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

अंगठा काढावा लागला.

नंतर सेन्सर सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर कार्बनला तडे. तडा गेला की रोध वाढतो, आणि रोध वाढला की माझं यंत्र समजतं, दाब कमी झाला. पंखाची नक्षी तेवढी उचलली होती मी.

पण 10,000 वेळा दाबून पाहिला होता हो! सरळ वरून, कोरड्यात. बुटात पाय घासतो, घामेजतो. आणि हा प्रयोग आहे, भरवसा ठेवू नका, असं सांगितलं होतं मी. सांगितलं होतं? "प्रयोग" म्हणालो होतो. डॉक्टर म्हणाले, शुगर एवढी होती की जखम तशीही झाली असती. हे वाक्य दोन वर्षं जपतोय. काही रात्री पुरतं, काही रात्री नाही.

आता कार्बन सिलिकॉनमध्येच कालवतो. तडे कमी जातात. जातात मात्र.

दिवाळीत अण्णांनी डावा बूट धुऊन पुढ्यात ठेवला. "ह्यात बसव."

बूट माझ्या टेबलाखाली आहे. अजून बसवलेला नाही.