अंगठा उचलायची घाई : वॉकीटॉकी ॲपवरच्या गटगप्पा, आठवडे १ ते ११

गेले अकरा आठवडे रोज रात्री नऊ ते साडेनऊ आम्ही आठ जण एका चॅनेलवर जमतो. पडद्यावरचं मोठं गोल बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. आमचा गट मूळचा पहाटे चालायला जाणाऱ्यांचा. त्यातल्या एकाकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ चालवण्याचा, परवाना आहे, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. कल्पना त्याचीच. बाकीच्या सात जणांना रेडिओतलं काहीही येत नव्हतं, मलाही नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून माझ्या वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे. ज्या गोष्टीने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं तिच्यावर जास्त लिहिलं आहे, बाकीचं थोडक्यात.

पहिला आठवडा गोंधळात गेला. फोनवर बोलायची सवय अशी की समोरचा बोलत असताना आपण मध्येच ‘हो हो’, ‘अच्छा’, ‘मग?’ म्हणत राहतो. इथे ते चालत नाही. एका वेळी एकच जण बोलणार, याला हाफ-डुप्लेक्स म्हणतात. खऱ्या रेडिओत त्याचं कारण यंत्रातच असतं: पाठवणं आणि ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर, त्यामुळे दोन्ही एकदम होत नाही, आणि दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोघांचे आवाज एकमेकांवर चढतात. फोनवर ही अडचण मुळात नाही, तिथे ती शिस्त सर्व्हर पाळून घेतो. आपण बटण दाबतो तेव्हा फोन आधी सर्व्हरकडे परवानगी मागतो, ती मिळाली की ‘टुं’ असा छोटा आवाज येतो, आणि दुसरं कोणी बोलत असेल तर नकाराचा वेगळा आवाज येतो. पहिल्या आठवड्यात आमच्या चॅनेलवर नकाराचे आवाजच जास्त ऐकू यायचे.

त्यातच कळलं की बटण दाबल्या दाबल्या बोलायचं नाही. परवानगी यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पहिलं अक्षर हवेत जातं. ‘टुं’ ऐकायचं, मनात ‘एक’ म्हणायचं, मग तोंड उघडायचं. ही सवय आठवडाभरात सगळ्यांना लागली, कारण सुरुवात तुटली की ऐकणाऱ्याला लगेच कळतं आणि तो परत विचारतो.

शेवट तुटला तर मात्र कळत नाही. हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात उमगलं, आणि या सगळ्या नोंदवहीत सांगण्यासारखं मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

त्या रात्री आमच्या गटातले काका चॅनेलवर बोलले, “मी उद्या येणार.” आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पहाटे ठरलेल्या जागी त्यांची वाट पाहत उभे राहिलो. फोन लागेना. वय सत्तरीच्या पुढचं, त्यामुळे जीव टांगणीला लागला. चाळीस मिनिटांनी त्यांचा फोन आला, झोपेतून उठल्यासारखा आवाज. “अगं, मी रात्रीच सांगितलं ना, येणार नाही म्हणून!”

आमच्या ॲपमध्ये बोललेलं सगळं साठून राहतं, पुन्हा ऐकता येतं. घरी येऊन हेडफोन लावले आणि काकांचं ते वाक्य तीन-चार वेळा ऐकलं. ‘मी उद्या येणार’ आणि त्यानंतर, अगदी टोकाला, जीभ दातांमागे टेकल्याचा एक ओझरता आवाज. ‘न’ची नुसती चाहूल. पुढचं ‘ाही’ गेलेलं. काकांचा अंगठा वाक्य संपायच्या पाव सेकंद आधी उठला होता.

मी काकांना ते ऐकवलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “म्हणजे मी बोललो ते खरं, आणि तुम्ही ऐकलंत तेही खरं.”

यावर विचार करताना लक्षात आलं की ही मराठीत बोलणाऱ्यांची खास अडचण आहे. आपल्या वाक्यात नकार बहुतेक वेळा शेवटी येतो. ‘आम्ही निघालेलो नाही.’ ‘माझ्यासाठी थांबू नका.’ ‘किल्ली सापडली नाही.’ शेवटचा शब्द कापा, आणि वाक्य मोडत नाही, उलटं होतं. अर्धवट वाटलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं. पण ‘किल्ली सापडली’ हे अगदी धडधाकट वाक्य आहे. शिवाय बोलताना शेवटाकडे आपला आवाजही उतरतो, आणि मनात वाक्य आधीच पूर्ण झालेलं असतं, म्हणून अंगठा जिभेच्या आधी सुटतो.

मग लक्षात आलं की रेडिओवाले ‘ओव्हर’ का म्हणतात. मला आधी ती नुसती रीत वाटायची. अर्थ तर आहेच: माझं झालं, आता तुम्ही बोला. पण त्याचं आणखी एक काम आहे. शेवटी एक राखीव शब्द असला की अंगठा घाईने उठला तरी कापला जातो तो राखीव शब्द, ‘नाही’ नाही. आम्ही त्यासाठी आमचा शब्द ठरवला: ‘बोला’. दादाचं मत होतं की ‘ओव्हर’च ठेवावं, सगळीकडे चालतं. पण काकांच्या तोंडी ‘बोला’ सहज बसलं आणि बाकीच्यांच्याही. आता वाक्य ‘मी उद्या येणार नाही. बोला.’ असं जातं. ‘बोला’ ऐकू आलं नाही, तर ऐकणाऱ्याने ‘शेवट तुटला’ एवढंच म्हणायचं आणि बोलणाऱ्याने पूर्ण वाक्य पुन्हा सांगायचं. दुसरा नियम असा की नकार द्यायचा असेल तर तो आधी एकदा टाकायचा: ‘नाही, मी येणार नाही. बोला.’ बोलताना जरा विचित्र वाटतं, पण कानाला फार स्पष्ट लागतं.

चौथ्या आठवड्यात ब्लूटूथ हेडसेट घेऊन पाहिले आणि शेवट तुटायचं प्रमाण पुन्हा वाढलं, अंगठे शिस्तीत असूनही. कारण असं दिसतं की बटण फोनवर असतं आणि माइक कानाशी. कानाशी उच्चारलेला शब्द बिनतारी वाटेने फोनपर्यंत यायला क्षणभर लागतो, आणि तो वाटेत असतानाच आपण बटण सोडतो. वायरवाले इयरफोन लावल्यावर हा त्रास थांबला. ज्यांना ब्लूटूथच हवं त्यांनी ‘बोला’ म्हटल्यावर एक पूर्ण श्वास घ्यावा आणि मग अंगठा उचलावा. आमच्या ताई हे इतकं नेमकं करतात की त्यांचा श्वासही चॅनेलवर ऐकू येतो.

ब्लूटूथची दुसरी भानगड आवाजाच्या प्रतीची. गाणी छान ऐकू येतात, पण माइक सुरू झाला की हेडसेट कॉलच्या पद्धतीवर जातो, आणि जुन्या हेडसेटमध्ये ती पद्धत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने टिपते. नमुन्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज त्यात मावतो, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच पोचत नाही. ‘स’, ‘श’ यांची धार नेमकी त्या वरच्या भागात जास्त असते. ‘सहा’ आणि ‘दहा’ यांची गफलत आमच्याकडे दोनदा झाली. नव्या हेडसेटमध्ये हाच आकडा १६,००० असतो आणि फरक चांगला जाणवतो.

आकड्यांचं म्हणाल तर मराठी अंक चॅनेलवर धोक्याचेच. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, एकोणतीस आणि एकोणचाळीस, सदुसष्ट आणि अडुसष्ट: थोडी खरखर आली की संपलं. आता आम्ही आकडे सुटे वाचतो. ‘पासष्ट’ नाही, ‘सहा, पाच’. नावं आणि ठिकाणं सांगताना ‘कमळातला क’, ‘बदकातला ब’ असं सुरू केलं. दादाने सांगितलं की आल्फा, ब्राव्हो, चार्ली ही आंतरराष्ट्रीय यादी आजच्या रूपात १९५६ पासून वापरात आहे. ती इंग्रजी अक्षरांसाठी ठीक, पण तिथे ‘ब’ आणि ‘भ’, ‘द’ आणि ‘ध’ यांची सोय नाही, आणि आपल्याला हवी असते ती नेमकी तीच. ‘भटजीतला भ’ म्हटलं की प्रश्न मिटतो.

पाचवा आठवडा डेटा मोजण्यात गेला, कारण दोघींना भीती होती की रोज अर्धा तास म्हणजे पॅक संपणार. आवाज आकसून पाठवायला अशा ॲपमध्ये बऱ्याचदा ओपस हे कोडेक वापरतात. ते २०१२ मध्ये प्रमाणित झालं आणि सेकंदाला ६ ते ५१० किलोबिट अशा कुठल्याही वेगाने चालतं. बोलण्यासाठी १६ किलोबिट धरले तर सेकंदाला २ किलोबाइट, मिनिटाला १२०, आणि अर्धा तास अखंड बडबड झाली तरी साडेतीन एमबीच्या आसपास. आवाज तुकड्यातुकड्यांनी, एकेका पाकिटात घालून जातो, त्यामुळे त्यात भर पडते पाकिटांवरच्या पत्त्यांची. इंटरनेटवर आवाज पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत दर पाकिटावर ४० बाइटचा मजकूर चिकटतो. आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे केले तर सेकंदाला ५० पाकिटं, म्हणजे पत्त्यांचंच वजन २ किलोबाइट, आतल्या आवाजाइतकं! ६० मिलिसेकंदांचे तुकडे केले की ते एक तृतीयांशावर येतं, मात्र आवाज थोडा उशिरा पोचतो. काहीही असलं तरी रोजचा हिशोब आठ-दहा एमबीच्या आत राहतो. गटात आठ जण असोत की ऐंशी, एका वेळी एकच आवाज येत असल्याने ऐकणाऱ्याचा खर्च वाढत नाही. व्हिडिओ कॉलशी तुलनाच नको.

उशीरही मोजून पाहिला. दोन फोन शेजारी ठेवले, एकावर बटण दाबून टाळी वाजवली आणि तिसऱ्या फोनवर दोन्ही टाळ्या रेकॉर्ड केल्या. घरच्या वायफायवर दोन टाळ्यांमधलं अंतर साधारण अर्ध्या सेकंदाचं, मोबाइल डेटावर पाऊण ते सव्वा सेकंदाचं. साध्या फोनवरच्या संभाषणात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्या मापाने आमचं चॅनेल फारच सावकाश. तरीही ते खटकत नाही, कारण इथे कोणी कोणाला मध्ये तोडतच नाही.

सहाव्या आठवड्यात तिघांना संदेश उशिरा आणि एकदम गठ्ठ्याने येऊ लागले. दोष बॅटरी वाचवण्याच्या सोयीचा. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, फोन बराच वेळ पडून राहिला की मागे चाललेली ॲप्स झोपवली जातात. सेटिंगमध्ये जाऊन या एका ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढलं आणि प्रश्न सुटला. आवाज ओळखून आपोआप सुरू होणारी पद्धतही तेव्हाच पाहिली आणि दोन दिवसांत सोडली: दार वाजलं तरी चॅनेल अडकायचं.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण आमच्याकडेही होता. नाव वॉकीटॉकी असलं तरी ही ॲप्स इंटरनेटवर चालतात. २०१७ मध्ये अमेरिकेत हार्वे वादळाच्या वेळी स्वयंसेवकांनी बचावाच्या समन्वयासाठी झेलो हे ॲप मोठ्या प्रमाणावर वापरलं. पाठोपाठ इर्मा वादळ आलं तेव्हा हे ॲप इंटरनेटशिवाय चालतं अशी बातमी पसरली, आणि तसं नाही हे कंपनीला स्वतः सांगावं लागलं. जिथे नेटवर्कच नाही तिथे खरा रेडिओच हवा. जंगलात जाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

दादामुळे जुन्या यंत्रांचीही गोडी लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक ज्याला वॉकीटॉकी म्हणत ते एससीआर-३०० पाठीवर वाहायचं यंत्र होतं. हातात मावणारं एससीआर-५३६ वेगळं, त्याला हँडी-टॉकी म्हणत. ते सुरू करायला अँटेना बाहेर ओढायची, आत ढकलली की बंद. मला हे फार आवडलं. अँटेना आत असताना यंत्र चालू राहायची शक्यताच नाही.

आठव्या आठवड्यापासून रोज एक जण नियंत्रक असतो. तो हजेरी घेतो, फेरी लावतो आणि दोन बोलण्यांमध्ये दोन सेकंद मोकळे सोडायला लावतो. ते दोन सेकंद कोणाला तातडीचं सांगायचं असेल त्याच्यासाठी. एकदाच उपयोगी पडले आजवर: ताईंच्या घरी वीज गेली होती आणि फोनची बॅटरी चार टक्क्यांवर होती. त्यांनी त्या फटीत आपलं सांगून घेतलं. फेरीत त्यांची पाळी सहावी होती, तोवर फोन टिकला नसता.

दहाव्या आठवड्यात मी खिशाला अडकवायचं वेगळं ब्लूटूथ बटण घेतलं. ते जरा कडक आहे, सोडताना बोटाला जाणवतं, आणि त्यामुळेच चांगलं. पडद्यावरच्या काचेवर अंगठा कधी उठला ते आपलं आपल्याला कळत नाही.

पुढच्या वेळी कमकुवत नेटवर्कवर ६० मिलिसेकंदांचे तुकडे आणि २० मिलिसेकंदांचे तुकडे शेजारी ठेवून ऐकायचं ठरवलं आहे. तुमच्यापैकी कोणी हे करून पाहिलं असेल तर जरूर सांगा.

काल रात्री नियंत्रक मी होते. शेवटची पाळी काकांची. ‘टुं’ झालं, क्षणभर शांतता, आणि मग त्यांचा आवाज आला, “नाही, उद्या मी येणार नाही. गुडघा दुखतोय. माझ्यासाठी थांबू नका, थांबू नका. बोला.” त्यानंतर चॅनेलवर नुसता त्यांच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज, पूर्ण एक सेकंद. मग बटण सुटलं.