महिन्याचे चार शनिवार-रविवार, दोघांचे

आज महिन्यातला शेवटचा रविवार. पुढच्या महिन्याचं कॅलेंडर दोघांनी मिळून भरायचा दिवस. नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर सुट्टी आपोआप वाट्याला येत नाही, आधीच राखून ठेवावी लागते.

चार आठवड्यांचे आठ दिवस. त्यात टळणार नाही ते आधी लिहा: नातेवाइकांकडचं कार्य, डॉक्टरांची वेळ, गाडीचं सर्व्हिसिंग. मग एक अख्खा रविवार फक्त दोघांसाठी अडवा, तोही दुसऱ्या आठवड्यातला. शेवटच्या आठवड्यावर ढकलला की तो हातचा जातोच, कारण राहिलेली सगळी कामं तिथेच येऊन साचतात.

घरकामाला शनिवार सकाळचे तीन तास पुरतात, पण क्रम चुकवू नका. आधी वॉशिंग मशीन लावायचं. ते फिरतंय तोवर एकाने ओटा आणि फ्रीज पुसायचा, दुसऱ्याने बाथरूम घासायचं. कपडे वाळत घातले की केर-फरशी, आणि बाजार सगळ्यात शेवटी. आधी बाजारात गेलात तर पिशव्या तशाच ओट्यावर पडतात, पुसायला जागा उरत नाही आणि दुपारही जाते.

बाहेरगावी महिन्यातून एकदाच. रविवारी संध्याकाळी पाचच्या आत घरी परत, नाहीतर सोमवार चिडचिडीत उजाडतो.

आणि प्रत्येकाला एक अर्धा दिवस एकट्याचा हवा. याबाबतीत मी ठाम आहे. कुठे जातोस, काय करतेस, हे विचारायचं नाही.

तीस-एकतीस दिवसांच्या महिन्याची 1 तारीख शनिवारी आली की पाचवा शनिवार-रविवारही मिळतो. तो कोराच ठेवा.