मूळचं म्हणजे कधीचं?

जुन्या घराची दुरुस्ती काढली की ज्याने आयुष्यात खिळा ठोकलेला नाही, त्यालाही मतं फुटतात. कुडाळजवळच्या आमच्या घराचं काम निघालं तेव्हा चुलतभावाने मुंबईहून फोनवर बजावलं, "काय हवं ते करा, पण मूळ रूपाला हात लावायचा नाही."

आता मूळ म्हणजे कधीचं? मंगळुरी कौलं मूळची म्हणावीत, तर त्याआधी नळीची होती आणि त्याच्याही आधी गवताचं छप्पर. माजघरातला कोबा बाबांनी घातलेला. आजीच्या अमदानीत तिथली जमीन शेणाने सारवलेली असायची.

कौलं उतरवताना ती उलटी करून बघायचा मला नादच लागला. पाठीवर कारखान्याचं नाव, ठसा, आणि वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराचा काळा थर. बासेल मिशनवाल्यांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, मग तिकडे इतरही कारखाने निघाले आणि ही कौलं समुद्रमार्गे दूरदूर जाऊ लागली. म्हणजे ज्याला आपण अस्सल कोकणी छप्पर म्हणतो, ती एकेकाळी परक्या मुलखातल्या पाद्र्यांनी आणलेली नवी टूम! तेव्हाही भावकीतल्या कुणीतरी नाक मुरडलंच असणार.

भिंतींचं मात्र मी ऐकलं नाही, म्हणजे चुलतभावाचं. तो म्हणत होता, एकदाच सिमेंटचा गिलावा करून टाका, कटकट नको. आमचा म्हातारा गवंडी लगेच म्हणाला, "शिमिट लावलास तर भिंतीक घाम येतलो, बाय." जांभा सच्छिद्र. पावसात पाणी पितो, उन्हात सोडतो. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, आणि दोनेक पावसाळ्यांत पोपडे सुटायला लागतात. चुना ती ओल बाहेर जाऊ देतो. फक्त तो आधी भिजत घालून मुरवावा लागतो, आणि ती सवड आता कोणाला आहे? माजघरातला मागे कधीतरी केलेला सिमेंटचा थर खरवडला, तर खाली नीळ घातलेल्या चुन्याची फिकट निळी भिंत निघाली. तेवढा तुकडा तसाच ठेवलाय. त्याचा उपयोग काहीच नाही, मला आवडतो म्हणून.

छपराचा खरा शत्रू पाऊस नाही, वानर. एक टोळी परसातल्या फणसावरून उड्या मारत गेली की डझनभर कौलांचा चुरा. गावातल्या निम्म्या घरांवर पत्रे चढले ते त्यामुळेच. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. आम्ही पुढे कौलं ठेवली, मागच्या पडवीवर पत्रा घातला. स्वयंपाकघरातलं काचेचं कौल बदलून दुसरं काचेचंच बसवलं, नाहीतर भरदुपारी दिवा लावावा लागला असता.

राहता राहिली न्हाणी. घरापासून वेगळी, परसात, चुलाण्यावर तांब्याचा हंडा. चुलतभावाला ती तशीच हवी होती, "तीच तर खरी मजा." काकू तिथेच तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर न करता माझ्याकडे फोन मागितला आणि म्हणाली, "तू चार दिवस येतोस मजेला. रात्री दोन वाजता, पावसात, छत्री धरून परसात मला जावं लागतं."

कमोडसकट बाथरूम आता काकूच्या खोलीला लागूनच होतंय. टाइल्सचा रंगही तिनेच ठरवलाय, गुलाबी.