होबार्टमधल्या आयरिश बायका आणि त्यांनी लावलेल्या आगी

टास्मानिया म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट, ब्रिटिश इथे कैदी पाठवायचे. तिथे जाणारे बहुतेक सगळे पोर्ट आर्थरचा जुना तुरुंग बघून येतात, आम्हीपण बघितला. विल्यम स्मिथ ओब्रायनला जिथे ठेवलेलं ते छोटं घर अजून उभं आहे, 1848 च्या आयरिश उठावातला हा पुढारी, राजद्रोहासाठी फाशी झालेली ती रद्द करून त्याला इकडे धाडला. पण मला लिहायचंय ते दुसऱ्या दिवसाबद्दल, तो दिवस डोक्यातून जातच नाहीये.

सकाळी मी आणि लेक होबार्टच्या, म्हणजे टास्मानियाच्या राजधानीच्या, धक्क्यावर गेलो. तिथे जहाजातून उतरलेल्या कैदी बायकांचे ब्राँझचे पुतळे आहेत, सोबत एक लहान मूल. रोवन गिलेस्पी या आयरिश शिल्पकाराचं काम, 2017 मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी अनावरण केलं. याच माणसाने डब्लिनच्या नदीकाठी दुष्काळाचे पुतळे केलेत, ती हाडांची माणसं जहाजाकडे चाललीयेत. म्हणजे तिथून निघाल्या आणि इथे उतरल्या, असं मला पुतळ्यांसमोर उभं राहिल्यावर वाटलं आणि एकदम गलबलून आलं.

मग ओढ्याच्या काठाने चालत वर निघालो. होबार्ट रिव्ह्युलेट म्हणतात त्याला, त्यात प्लॅटिपस राहतात, लेक सारखी वाकून बघत होती पण दिसला काही नाही. पाऊण एक तास चाललं की डोंगराच्या पायथ्याशी कॅस्केड्स फीमेल फॅक्टरी येते. नाव फॅक्टरी पण होता तो बायकांचा तुरुंग, 1828 ला सुरू झालेला. आधी तिथे दारूची भट्टी होती ती बंद पडली, म्हणून ती इमारत सरकारने घेतली. आज जवळजवळ नुसत्या दगडी भिंती आणि तीन आवारं उरलीयेत. 2010 पासून जागतिक वारसा.

बायकांचे तीन वर्ग होते. सगळ्यात खालचा म्हणजे क्राइम क्लास, त्यांच्या कपड्यांवर मोठा पिवळा सी शिवलेला आणि काम म्हणजे गारठ्यात धुण्याचे ढीग उपसायचे. वरच्या वर्गातल्यांना वस्तीतल्या घरांमध्ये मोलकरीण म्हणून पाठवायचे, आणि तिथे कोणी गरोदर राहिली की शिक्षा तिलाच, परत इथेच. बाळं अंगावरून सुटली की आईपासून वेगळी करायचे, पुढे दोन-तीन वर्षांची झाली की न्यू टाउनच्या अनाथ शाळेत. किती बाळं त्या ओलीत गेली हे ऐकताना लेक माझा हात धरून उभी होती.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. कैद्यांच्या नोंदी ऑनलाइन आहेत, कुणीही बघू शकतं, उंची, डोळ्यांचा रंग, गाव, धर्म, गुन्हा. 1840 च्या दशकातल्या आयरिश बायकांच्या नोंदींमध्ये एक गुन्हा पुन्हा पुन्हा येतो, जाळपोळ. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलेलं जमीनदारावरचा राग असेल, तोही काहींचा होताच. पण 1845 ला आयर्लंडमध्ये, गरिबांचं पोट ज्यावर चालायचं त्या बटाट्यावर रोग पडला, पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, वर्कहाउसं म्हणजे सरकारी गरीबखाने तुडुंब भरले, आणि तेव्हा कित्येक तरुण मुलींनी दोघी-तिघी मिळून कुणाचं घर नाहीतर गवताची गंजी पेटवली आणि पळून न जाता कबूल केलं. का, तर आपल्याला बाहेर पाठवावं म्हणून! चोरीला थोडक्यात सुटण्याची भीती, आगीला मात्र दहा-पंधरा वर्षं काळं पाणी. इथे उतरल्यावर गुन्हा विचारला तेव्हा काहींनी हेच कारण सरळ सांगितलंय.

आपण काळं पाणी म्हटलं की अंदमान, मी पोर्ट ब्लेअरला जाऊन आलेय, लहानपणापासून तो शब्द ऐकला की पोटात गोळा यायचा. तेच काळं पाणी कुणीतरी भाकरीसाठी मागून घेतं हे मला पचायला फार जड गेलं. आणि ते मागूनही मिळालं काय तर आधी डब्लिनच्या ग्रेंजगोर्मन तुरुंगात काही महिने शिवणटिपण शिकायचं, मग तीन-चार महिने समुद्र आणि शेवटी ही आवारं. अर्थात सगळ्यांचा शेवट वाईट झाला असंही नाही, पुष्कळजणींची शिक्षा संपली, लग्नं झाली, संसार झाले, त्यांच्या खापरपणत्या आज नाव शोधत इथे येतात. शेवटी 1853 ला टास्मानियाला कैदी पाठवणं बंद झालं.

आम्ही गेलेलो जुलैत, म्हणजे तिकडचा हिवाळा. या जागेला ऊन फार कमी मिळतं, त्यात ओढ्याकाठची सखल जमीन, म्हणून सगळी ओल, असं वाचलं होतं म्हणून मी मुद्दाम थांबले. तीनच्या आसपास ऊन डोंगरामागे गेलं, आवारात एकदम सावली आली. लेक म्हणाली आई, चल ना, हात गार पडलेत. मी भिंतीला हात लावून बघितला, दगड ओला होता.