बिनलेबलाचं सातवं पान

पितृपक्षात दिवाळी अंकाच्या ऑफिसात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. शेवटचा सोळा पानी फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, सोडला तर बाकी सगळे फॉर्म नऱ्ह्याच्या प्रेसमध्ये पोहोचले होते. आमचं ऑफिस सदाशिव पेठेत, जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत. त्या दिवशी दुपारी जुन्नरहून फोन आला.

"मॅडम, आमच्या आबांची कथा तुमच्या अंकात येतेय ना? सरांनी फोनवर 'घेतो' म्हणून सांगितलं होतं. नंतर दुसऱ्या एका अंकानं मागितली, तर आबांनी त्यांना नाही म्हणून कळवलं."

मी अनुक्रमणिका काढून पाहिली. आबांचं नाव कुठेच नव्हतं.

आबा निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या पुढचे. कथा हातानं लिहायची, गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घ्यायची आणि त्याच्याच ईमेलवरून पाठवायची, ही त्यांची पद्धत. मूळ कागद त्या दुकानातच राहिले होते. दुकान मध्यंतरी बंद झालं होतं आणि त्या माणसाचा फोन लागत नव्हता. म्हणजे "पुन्हा पाठवा" म्हणायची सोय नव्हती. कथा मिळाली तर आमच्याच मेलमध्ये मिळणार होती. मुलाला दुकानाचा ईमेल पत्ता आठवेना, कथेचं नावही आठवेना. "विहीर खणणाऱ्या माणसाची गोष्ट आहे आणि जूनमध्ये पाठवली होती," एवढंच तो सांगू शकला.

सरांना, म्हणजे आमच्या संपादकांना, कथा लख्ख आठवत होती. ते म्हणाले, "मी त्यांना शब्द दिलाय. शेवटचा फॉर्म सात वाजेपर्यंत सोडू नका."

मी जीमेलच्या शोधपट्टीत आधी आबांचं आडनाव टाकलं, मराठीत आणि इंग्रजीतही. काही नाही. मग 'विहीर'. पुणे जिल्ह्यातल्या बारवांवरचा एक लेख आला, एक जाहिरात आली, बस्स. याचं कारण मराठी अंकात काम करणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. जीमेलचा शोध अख्खा शब्द जुळवतो. 'विहीर' लिहिलं तर 'विहिरीत', 'विहिरीला' सापडेल असं धरून चालता येत नाही, आणि आपल्या भाषेत नाम प्रत्ययाशिवाय किती वेळा येतं? त्यातून डीटीपीवाल्यांच्या फाइली अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये येतात. पडद्यावर आपल्याला सुंदर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्या फाँटनं मराठीचं रूप दिलेली. जोडलेल्या पीडीएफच्या आतला मजकूर जीमेल एरवी शोधू शकतं. अशा फाइलीत मात्र त्याला 'विहीर' हा शब्द भेटतच नाही.

म्हणून आमच्याकडे लेबलं आहेत. आलेलं साहित्य उघडणारा माणूस तिथल्या तिथे 'कथा', 'कविता' किंवा 'लेख' असं लेबल लावतो आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर फिल्टर बेतून ठेवतो, म्हणजे त्या पत्त्यावरून पुढे येणाऱ्या मेलना तेच लेबल आपोआप लागतं. निर्णय झाला की 'घेतलं' किंवा 'परत'. शिवाय पाठपुराव्यासाठी तारे. जीमेलच्या सेटिंगमध्ये तारे आणि चिन्हं मिळून बारा प्रकार आहेत, त्यातले हवे ते चालू करून घेता येतात. पिवळा तारा म्हणजे सरांनी वाचायचं आहे. लाल उद्गारचिन्ह म्हणजे लेखक आपल्या उत्तराची वाट पाहतोय. जांभळं प्रश्नचिन्ह म्हणजे लेखकाला काहीतरी विचारायचं किंवा त्याच्याकडून मागवायचं आहे. हे रंग मोबाइलच्या ॲपमध्ये मिळत नाहीत, तिथे एकच तारा. त्यामुळे खुणा करायचं काम आम्ही ऑफिसच्या संगणकावरच करतो.

मी 'कथा' हे लेबल मागितलं आणि उणे चिन्ह लावून 'घेतलं' आणि 'परत' वगळले. म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही अशाच कथा उरायला हव्यात. यादी आली ती लांबलचक, आणि तिच्यात छापून झालेल्या कथासुद्धा! आमच्याकडे नव्यानं आलेली मुलगी शेजारी बसली होती, ती गोंधळली. "ताई, हिला तर 'घेतलं' लावलेलं दिसतंय, मग ही कशी आली?" जीमेल दाखवतं संपूर्ण संवाद, म्हणजे मेल आणि त्याच्या उत्तरांची साखळी, पण तपासतं त्यातलं एकेक मेल. लेबल लावल्यानंतर त्याच संवादात लेखकाचं "धन्यवाद, आभारी आहे" असं उत्तर येतं. त्या नव्या मेलला 'कथा' लेबल फिल्टरमधून आपोआप मिळतं, 'घेतलं' मिळत नाही. त्या एका मेलपायी अख्खा संवाद यादीत येऊन बसतो. वगळण्याच्या शोधावर विसंबून कुणाला नकार कळवायचा असेल, तर हे आधी माहीत असायलाच हवं.

एवढ्यात सर आतून म्हणाले, "त्या कथेत मधलं एक पान नव्हतं. सातवं. मी मागवायला सांगितलं होतं."

मग वाट मोकळी झाली. मागवायचं होतं, म्हणजे जांभळं प्रश्नचिन्ह असणार. शोधपट्टीत लेबल 'कथा' लिहिलं, 'हॅज' लिहून कोलन आणि त्याला चिकटून 'पर्पल-क्वेश्चन' लिहिलं. 'आफ्टर' आणि 'बिफोर' लावून जूनच्या तारखा टाकल्या, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. यादी एका पडद्यात मावली. तिसऱ्या ओळीत एका डीटीपी सेंटरचं मेल होतं, विषय 'न्यू फाइल'. उघडलं तर विहिरीच्या काठावर उभा असलेला माणूस पहिल्याच वाक्यात. सर मागे येऊन उभे राहिले आणि "हीच" म्हणाले.

सहाव्या पानानंतर थेट आठवं. खाली आमचं पान मागवणारं मेल होतं, त्याला उत्तर नव्हतं. पान येईपर्यंत प्रश्नचिन्ह काढायचं नाही हा नियम, म्हणून अंक लावताना कथा अपुऱ्यांत बाजूला राहिली होती.

मी जुन्नरला फोन लावला. "पान पाठवलं होतं मॅडम," मुलगा म्हणाला. "माझ्या मुलीनं दुकानात जाऊन त्या कागदाचा फोटो काढला आणि मोबाइलवरून पाठवला. आता ती पेपरला बसलीय, पाचपर्यंत फोन बंद असणार."

उत्तर वेगळ्या पत्त्यावरून, नवं मेल म्हणून आलेलं. जुन्या संवादाशी ते जोडलं जाणार नाही आणि दुकानाच्या पत्त्यावर बेतलेलं आमचं फिल्टरही त्याला लागणार नाही. ते स्पॅममध्ये गेलं असेल तर? स्पॅममधलं मेल ३० दिवसांनी कायमचं पुसलं जातं आणि आम्ही तर सप्टेंबरमध्ये होतो. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. ज्या माणसानं आमच्या शब्दावर दुसऱ्या अंकाला नाही म्हटलं, त्याला काय सांगायचं?

ज्याला कोणी काहीच लेबल लावलेलं नाही असं मेल शोधायचीही सोय आहे. 'हॅज', कोलन, 'नोयूजरलेबल्स'. त्याला 'हॅज अटॅचमेंट' जोडलं आणि तारखा जूनअखेर ते जुलैअखेर. वीजबिलं, प्रेसची दरपत्रकं, कुणाचं लग्नाचं आमंत्रण, आणि त्यांच्यामध्ये विषय नसलेलं एक मेल. मजकूरही नाही. फक्त फोटो. फुलस्केप कागद, निळी शाई, वरच्या कोपऱ्यात वर्तुळात ७.

पुढचे दोन तास नुसती पळापळ. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणताना रफार आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' हमखास बिघडतात. आमच्याकडची नवी मुलगी ओळ न् ओळ मूळ पीडीएफशी ताडून पाहत होती. सातवं पान मी स्वतः टाइप केलं. सरांनी शेवटच्या फॉर्ममधला आपला स्वतःचा लेख काढून ठेवला, त्यावर चर्चाच होऊ दिली नाही. प्रूफ व्हॉट्सॲपवर जुन्नरला गेलं आणि आबांनी फोनवर एकच दुरुस्ती सांगितली. 'खडक' काढून 'कातळ' करा. केलं. फॉर्म सव्वासातला नऱ्ह्याला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी तोच बिनलेबलांचा शोध मेपासून सप्टेंबरपर्यंत चालवला. आणखी काही साहित्य सापडलं, बहुतेक कविता, मोबाइलवरून आलेल्या. यंदाच्या अंकात जागा उरली नव्हती. सरांनी त्या वाचल्या आणि आम्ही प्रत्येकाला त्याच दिवशी तसं कळवलं. दोन कविता त्यांना फार आवडल्या. त्या पुढच्या वर्षासाठी ठेवून घेतल्यात, 'घेतलं' लेबल लावून, आणि कवींना फोन करून.