आईचे रिपोर्ट आणि माझा भागाकार

पाळी जाऊन 12 वर्षं झालेली, तरी अंगावरून जातंय हे आईने वर्षभर कुणाला सांगितलं नाही. देवगडला तपासलं, तुकडा काढला, तेव्हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. तिसरा टप्पा. मग सोमवार ते शुक्रवार कोल्हापुरात खोली, 25 शेक (रेडिएशन), दर सोमवारी सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, आणि शनिवारी करूळ घाट उतरून घरी.

शनिवारी संध्याकाळी गावच्या लॅबमध्ये रक्त द्यायचं. "आणि किती रगात काढतले गो?" आई दर वेळी विचारायची. पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन. क्रिएटिनिनवरून किडनीचं काम कळतं. ते वाढलं तर सिस्प्लॅटिन थांबवतात, कारण हे औषध किडनीला जड जातं.

सुरुवातीलाच हिमोग्लोबिन 8.4. डॉक्टर म्हणाले, गाठीला ऑक्सिजन कमी पोचला की शेकही कमी लागू पडतो. दोन पिशव्या रक्त चढवलं. शेजारणी बीट आणि नाचणी सुचवत होत्या. खाऊ दे, पण आठवड्याभरात त्याने काही हलत नाही.

माझं डोकं फिरवलं ते दुसऱ्याच आकड्याने. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिलच्या टक्क्याला लिम्फोसाइटच्या टक्क्याने भागायचं. उत्तर मोठं आलं तर उपचाराचा गुण कमी, असं कुठंतरी वाचलं. पहिल्या रिपोर्टात 68 भागिले 22, तीनच्या आसपास. चौथ्या आठवड्यात 81 भागिले 9. रात्रभर डोळा लागला नाही. सोमवारी डॉक्टरांपुढे मोबाईल धरला. ते हसलेच. केमोबरोबर उलटी होऊ नये म्हणून स्टेरॉइड देतो, त्याने न्यूट्रोफिल चढतात. ओटीपोटाच्या शेकाने लिम्फोसाइट उतरतात. अभ्यासात बहुतेक वेळा उपचाराआधीचा आकडा घेतात, आणि तोही पुष्कळ बायकांचा मिळून कल दाखवतो. "तुमच्या आईचं काय होणार ते यातून निघत नाही. भागाकार बंद करा."

एससीसी अँटिजेन, म्हणजे या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन, आधी 11.2 होतं, त्या लॅबची मर्यादा 1.5. शेवटचा आतला शेक (गर्भाशयमुखाजवळ आतून दिलेलं रेडिएशन) संपल्यावर दीड महिन्याने मी घाट चढायचा कंटाळा करून ते जवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये केलं. 2.3! परत पोटात गोळा. मशीन वेगळं, पद्धत वेगळी, असे आकडे एकमेकांशी ताडायचे नसतात, हे तेव्हा ऐकलं. तीन महिन्यांनी पहिल्याच लॅबमध्ये 1.1 आलं. तरी डॉक्टरांनी आतून तपासणी केली, स्कॅन पाहिला, मगच "ठीक आहे" म्हणाले.

आईने तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आंब्याच्या पेट्यांचा हिशोब लिहायला घेतला.