निपाणी ते सहार : भाचीला विमानात बसवताना

माझी भाची कर्नाटकातल्या निपाणीत वाढली आणि देवचंद महाविद्यालयात शिकली. तिथे निपाणीची मुले चालत जातात, पण महाविद्यालयाचा पत्ता अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर असा आहे. म्हणजे तिने रोज राज्याची सीमा ओलांडूनच पदवी घेतली. पुढे कोल्हापूरला एमएस्सी झाल्यावर तिला अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश मिळाला, आणि गेल्या ऑगस्टमध्ये तिला मुंबईच्या सहार विमानतळावर पोहोचवण्याची जबाबदारी मी आपणहून घेतली.

नकाशात पाहिले तर विमानतळ आम्हाला दूर नाहीत. कोल्हापूरचे उजळाईवाडी 35-40 किलोमीटरवर आहे, बेळगावचे सांबरा 80-85 किलोमीटरवर. परंतु अमेरिकेचे विमान मुंबईहूनच होते आणि तिथवर नेणाऱ्या विमानांच्या वेळा जुळत नव्हत्या. त्यामुळे सुमारे सव्वाचारशे किलोमीटर जमिनीवरूनच जाणे आले. निपाणीला रेल्वे नाही, म्हणून सुरुवात महामार्गानेच करावी लागते, आणि पावसाळ्यात खरी धास्ती या सुरुवातीचीच असते. गाव सोडताच यमगर्णीला वेदगंगा, कोगनोळीच्या पुढे दूधगंगा, आणि कोल्हापूर ओलांडताना शिरोलीजवळ पंचगंगा. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळूर वाहतूक दिवसचे दिवस अडकून पडली. नद्या शांत असल्या तरी सीमाप्रश्न तापला की बसगाड्या थांबतात; डिसेंबर 2022 मध्ये तसेच झाले होते. अशा वेळी सर्वांत आधी हाल होतात ते परीक्षेला, दवाखान्याला किंवा विमानाला निघालेल्या माणसाचे, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून आम्ही एक पूर्ण दिवस हाताशी ठेवून निघालो. आदल्या दिवशी दोन्ही बॅगा शेजारच्या तंबाखूच्या वखारीत नेल्या, कारण प्रत्येकी 23 किलोच्या वर एक ग्रॅमही नको होता आणि घरच्या स्प्रिंगच्या काट्यावर आमचा भरवसा नव्हता. तंबाखूचे बोदे, म्हणजे गठ्ठे, ठेवायच्या लोखंडी पाट्यावर बॅग ठेवली, तशी पाट्यावरची तंबाखूची तपकिरी भुकटी तिच्या चाकांना लागली. काट्याने 23 किलो 900 ग्रॅम दाखवले. बहिणीने काही न बोलता कांदा-लसूण चटणीचा एक डबा बाहेर काढला, मग थोडे थांबून मेतकुटाची पिशवीही काढली. दुसऱ्यांदा काटा बरोबर 23 वर थांबला. "मामा, ह्यो काटा खरा हाय न्हवं?" भाचीने विचारले. आयुष्यभर तंबाखू तोललेल्या हमालाने माझ्याआधीच मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओळखीच्या गाडीने निघालो. वेदगंगा पात्राबाहेर पसरली होती, ऊस गुडघाभर पाण्यात उभा होता, पण पूल मोकळा होता. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली. रुकडीजवळ रेल्वेलाही पंचगंगा ओलांडावीच लागते. तरी सातारा-कागल सहापदरीकरणाची वळणे आणि शिरोलीची कोंडी टळते, आणि झोपून जाता येते. दादरला सकाळी उतरलो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण याच ठिकाणी आमची चूक होता होता राहिली. तिकिटावर वेळ रात्री दीडची होती. रात्री दीड म्हणजे तारीख बदललेली असते, त्यामुळे विमानतळावर आदल्या तारखेच्या रात्री दहाच्या सुमारास पोहोचावे लागते. घरात सगळ्यांनी 'वीस तारखेची रात्र' असे धरले होते. प्रत्यक्षात निघायचे होते एकोणीसच्या रात्री. परळच्या नातेवाइकांनी तिकीट हातात घेऊन विचारले नसते, तर हाताशी ठेवलेला तो दिवसही आम्हाला वाचवू शकला नसता.

बॅगा होत्या म्हणून सहारला टॅक्सीने गेलो. बॅगा नसतील तर मुंबई मेट्रोची भुयारी ॲक्वा मार्गिका दादरहून थेट टर्मिनल 2 ला जाते. परतताना मी तिनेच आलो. टर्मिनलच्या दारावर पासपोर्ट आणि तिकीट पाहून फक्त प्रवाशाला आत सोडतात, त्यामुळे निरोप बाहेरच घ्यावा लागला. तिने वाकून नमस्कार केला आणि बॅगांची ढकलगाडी लोटत ती आत गेली. चाकांवरची तपकिरी भुकटी अजून पुरती गेली नव्हती.

अर्ध्या तासाने तिचा फोन आला. काउंटरवरच्या काट्याने 22 किलो 900 ग्रॅम दाखवले होते. "मेतकूट बसलं असतं की, मामा," ती म्हणाली.